अनुभव धागा: मेस, लॅब, वसतिगृह. कॉलेजच्या आवारात नासाडी कशी कमी केलीत?

पाठकोरी

कॉलेजचं आवार म्हणजे दर जूनमध्ये भरणारं आणि मे महिन्यात रिकामं होणारं गाव. तिथे चांगली सवय लावणं जमतं, टिकवणं अवघड, कारण लावणारेच तीन-चार वर्षांत निघून जातात. पाच जूनला रोपं लागतात, फोटो निघतात आणि पावसाळा सरला की दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पाणी घालायला कुणी नसतं. मला खूप वाईट वाटतं ते बघून. म्हणून इथे रोजच्या गोष्टी लिहा: काय केलंत, कसं केलंत, आणि तुम्ही बाहेर पडल्यावर ते कुणी चालू ठेवलं?

सुरुवात माझ्यापासून. आमच्या मेसमध्ये खाडा धरायचा तर सलग तीन दिवसांचा, तोही आधी कळवून. त्यामुळे शनिवारी घरी जाणारी मुलं खाडा सांगायचीच नाहीत. स्वयंपाक सगळ्यांचा व्हायचा आणि रविवारी रात्री पोळ्यांची चवड तशीच उरायची. आम्ही मेसवाल्या काकांशी बसून बोललो. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एका वेळेच्या खाड्याचे पूर्ण पैसे परत दिले तर मला परवडत नाही, कारण डाळ-तांदूळ वाचतो पण गॅस आणि बायकांचा पगार वाचत नाही. शेवटी निम्म्या पैशांवर ठरलं. पण खरी अक्कल मावशींनी शिकवली. त्या म्हणाल्या, "मला सकाळी आकडा सांगून काय उपयोग? रात्री मटकी भिजत घालायच्या आधी सांगा." तेव्हापासून आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत नाव लिहायचं असा नियम झाला. मेसच्या दाराशी, पाण्याच्या कूलरशेजारी सुतळीने वही टांगली. ती वही अजून आहे, कारण तिच्यात मेसचाही फायदा आहे.

नळीवाला

मी केमिस्ट्री शिकवतो. आमच्याकडे पाण्याची सगळ्यात मोठी नासाडी बाथरूममध्ये नाही, लॅबमध्ये होते, आणि ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

डिस्टिलेशन किंवा रिफ्लक्स (म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ परत गार करायचा प्रयोग) लावलं की कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ गार करणाऱ्या काचेच्या नळीच्या, बाहेरच्या नळीतून गार पाणी सतत फिरवावं लागतं. खालून आत, वरून बाहेर आणि तिथून थेट सिंकमध्ये. चांगलं, स्वच्छ पाणी; फक्त किंचित कोमट झालेलं. एका नळाखाली बादली धरून मोजलं तर मिनिटाला साधारण एक लिटर. म्हणजे दोन तासांच्या प्रॅक्टिकलला एका मांडणीमागे १२० लिटर, आणि अशा दहा मांडण्या एका वेळी.

उपाय स्वस्त आहे. प्लॅस्टिकचा मोठा टब, त्यात डेझर्ट कूलरचा छोटा पंप, रबरी नळी, आणि तीन कंडेन्सर एकामागोमाग जोडायचे. शेवटच्या कंडेन्सरमधून निघालेलं पाणी परत टबात. पाणी तापायला लागलं की फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात सोडायच्या. नुसता बर्फ टाकला तर पाणी वाढून टब भरून वाहतो. एक इशारा मात्र देतो. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं. तिथे टबातलं कोमट पाणी चालत नाही, वाफ खोलीत येते आणि ती पेट घेते. तसं द्रावक असेल तर बर्फाची सोय पक्की करूनच बसा.

टायट्रेशनलाही (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगालाही) १० मिली ऐवजी ५ मिली पिपेट, म्हणजे द्रावण मोजून घ्यायची नळी, घेता येतं. द्रावणं निम्मी लागतात आणि सिंकमध्ये जाणारं रसायनही निम्मं. ब्युरेटच्या (थेंब सोडायच्या खुणांच्या नळीच्या) वाचनात काळजी थोडी जास्त घ्यावी लागते, आणि ती मुलांनी घ्यायलाच हवी.

हे सगळं टिकलं ते आमच्या लॅब असिस्टंटमुळे. टबातलं पाणी आठवड्याला बदलून ते बागेत घालणं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. नवीन शिक्षक आले तरी टब बाहेर निघतोच.

मांजराकाठची

२०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला शिकत होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्या, ५ लाख लिटर. शहराला ते किती पुरणार? वसतिगृहात टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि परीक्षा तोंडावर होती.

तेव्हा आम्ही मोठ्या घमेल्यात बसून आंघोळ करायचो. अंगावरून गेलेलं पाणी घमेल्यात साठायचं आणि तेच संडासात टाकायचं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला. मेसमध्ये जेवण झालं की ताट आधी पोळीच्या तुकड्याने निपटून घ्यायचं, मगच विसळायला द्यायचं. तेलकट ताटाला दुप्पट पाणी लागतं. कुणी आम्हाला पर्यावरण म्हणून शिकवलं नव्हतं. पाणी नव्हतं.

पुढे पुण्यात पदव्युत्तर शिक्षणाला आले. वसतिगृहात छतावर सोलर होता. सकाळी गरम पाणी यायच्या आधी पाइपमध्ये रात्रभर थांबलेलं गार पाणी निघतं आणि सगळ्या मुली नळ सोडून उभ्या राहायच्या. माझ्या पोटात अक्षरशः कालवायचं. मी दुसरी बादली लावायला लागले: आधी गार पाण्याची भरायची, ती कपड्यांना. शेजारच्या खोलीतल्यांनी विचारलं, मी लातूरचं सांगितलं, आणि त्या मजल्यावर दोन बादल्यांची पद्धत पडली. वॉर्डन मॅडमनी नंतर प्रत्येक न्हाणीघरात दुसरी बादली ठेवली. मी गेल्यानंतरही बादल्या तिथेच आहेत, धाकटी बहीण आता त्याच वसतिगृहात असते.

ड्राफ्टर_घ्या_ड्राफ्टर

इंजिनिअरिंगवाल्यांनो, पहिल्या वर्षाचा ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या शीटवर रेषा आखायचं साधन) दुसऱ्या वर्षी कुणाला लागतो? माझ्या ड्राफ्टरच्या पिशवीवर माझ्या आधीच्या चौघांची आडनावं पेनने लिहिलेली होती. एप्रन, शीट ठेवायची नळी, कॅल्क्युलेटर, सगळं तसंच फिरायला हवं. पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात आणि जुनी विकताही येतात.

कागदाचं मात्र विभागप्रमुखांच्या सहीशिवाय हलत नाही. असाइनमेंट पाठपोट छापलेली चालेल असं लेखी मिळवा. तोंडी सांगितलेलं सबमिशनच्या दिवशी कुणी ऐकत नाही.

वैदर्भी

नागपुरात मे महिन्यात एसीशिवाय अभ्यास होतो का, असं मुंबईचे मित्र विचारतात. होतो. आमची हवा कोरडी आहे, म्हणून कूलर काम करतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसता ओलावा वाढवतो. मात्र कूलर लावून खोली बंद करून बसणारे खूप बघितले. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं, ओली हवा बाहेर गेली तरच गारवा टिकतो. वाळ्याच्या ताट्या लावल्या तर वासही छान. रात्री दोननंतर पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तरी पहाटेपर्यंत भागतं, पाणी वाचतं. जाणारे सीनियर कूलर विकून जातात. टाकीला गंज लागला असेल तर पत्रा मारून घ्या, नवीन घेऊ नका.

दमट गावातल्या वसतिगृहांनी पंख्यांकडे बघावं. साधा छताचा पंखा ७० ते ८० वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला दहा तास चालला तर एका पंख्यामागे जवळपास अर्धं युनिट वाचतं. शंभर खोल्यांचा हिशेब करून रेक्टरसरांच्या टेबलावर ठेवा.

लाल ठिपका

मुलींच्या वसतिगृहातल्या पॅडच्या कचऱ्याबद्दल कुणीच लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते. वापरलेले पॅड उघडे किंवा काळ्या पिशवीत कोंबलेले कचऱ्यात जातात आणि पुढे ते कुणीतरी हाताने वेगळे करतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने साधं मागणं मांडलं: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही. आम्ही प्रत्येक बाथरूममध्ये रद्दीचे कापलेले कागद आणि दोरीला बांधलेला लाल स्केचपेन ठेवला. कचरा नेणाऱ्या ताईंना वसतिगृहाच्या बैठकीत बोलावलं. त्या पाचच मिनिटं बोलल्या, पण त्यानंतर कुणाला वेगळं समजवावं लागलं नाही.

मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांची अडचण निराळी: कप उकळायचा कुठे? खोलीत शेगडी चालत नाही. पॅन्ट्रीत झाकणाचं एक वेगळं स्टीलचं भांडं त्यासाठी राखून ठेवलं. आधी कुजबुज झाली, मग रांग लागली.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत शिकतो. इथे एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, २००३ पासून. रिकामी बाटली दुकानातल्या मशिनमध्ये घातली की पैशांची पावती मिळते. त्यामुळे आवारात बाटली पडलेली दिसत नाही. आपल्या कँटीनमध्ये काचेच्या ग्लासावर दहा रुपये अनामत ठेवून चहा देता येईल. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो हे तिथे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि हो, इथल्या मराठी मुलांचे कुकर एकमेकांकडे फिरतात. नवीन येणाऱ्यांनी सामानात कुकर आणू नका, आधी विचारा. गॅस्केट मात्र आणा.

पाठकोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅब असिस्टंट, वॉर्डन, मावशी… जे टिकलं ते मागे राहणाऱ्या माणसांनी टिकवलं, हे मला फार मोलाचं वाटतंय. आता प्रश्न: मेसच्या भाजीच्या देठांचं खत करायला घेतलंय, पण वास येतोय. मागच्या बाजूला राहणारे ते बंद पाडायला निघालेत. काय करू?

पानगळ

वास येतोय म्हणजे ओलं जास्त आणि कोरडं कमी. आवारातला पालापाचोळा जाळू देऊ नका, तोच तुमचं औषध. देठांचा एक थर, त्यावर वाळक्या पानांचा दुप्पट-तिप्पट जाड थर, असं करत जा. दर चार-पाच दिवसांनी फावड्याने खालवर करा, हवा खेळली की वास जातो. मूठभर शेण किंवा आंबट ताक सुरुवातीला घातलं तर लवकर कुजतं. शिजलेलं, तेलकट अन्न अजिबात नको, उंदीर येतात. आंब्याची आणि वडाची पानं चिवट असतात, ती पायाने चुरून टाका.

आणि माळीकाकांना आत्ताच सोबत घ्या. फावडं त्यांच्याकडे आहे, सुट्टीत आवारातही तेच असतात. पहिलं तयार खत त्यांच्या वाफ्यांना द्या.