पेन्सिल्व्हेनियातल्या मेसॉनिक रिटायरमेंट होमला देणगी: कशातून द्यावी, कशी लिहावी?

कंदील
काका ७५ वर्षांचे आहेत, पेन्सिल्व्हेनियात एकटेच राहतात, मूलबाळ नाही. फ्रीमेसन या बंधुत्व संघटनेच्या लॉजचे (स्थानिक शाखेचे) जुने सभासद. एलिझाबेथटाऊनचं मेसॉनिक व्हिलेज हे त्या संघटनेचं रिटायरमेंट होम १९१० पासून चालू आहे आणि ऐपत नसलेल्या रहिवाशांच्या खर्चासाठी देणग्या घेतं. काकांना तिथे भरीव काहीतरी द्यायचंय, उरलेलं आम्हा पुतण्यांना. त्यांच्याकडे ट्रॅडिशनल आयआरए (निवृत्तीचं खातं, पैसे काढताना आयकर लागतो), वीस-एक वर्षांपूर्वी घेतलेले शेअर्स, राहतं घर आणि पुण्यात एक फ्लॅट आहे. पुढेमागे स्वतःही तिथेच राहायला जायचा विचार आहे. कशातून काय द्यावं आणि लोक नेमके कुठे चुकतात?

हिशेबनीस
किती द्यायचं हे नंतर बघा, आधी कुठल्या खात्यातून द्यायचं ते ठरवा. आयआरए संस्थेला आणि शेअर्स पुतण्यांना. बहुतेक घरांत नेमकं उलटं केलं जातं.

आकड्यांत बघा. आयआरएमधले १,००,००० डॉलर पुतण्याला गेले तर पेन्सिल्व्हेनियाचा वारसा कर १५ टक्के, म्हणजे १५,०००. (मुलांना ४.५ आणि भावंडांना १२ टक्के लागतो. पुतणे-भाचे १५ मध्ये येतात.) शिवाय दहा वर्षांच्या आत सगळी रक्कम काढावी लागते आणि तिच्यावर फेडरल आयकर. पुतण्या आयकराच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर आणखी २४,०००. हातात उरले ६१,०००. हेच खातं धर्मादाय संस्थेला गेलं तर वारसा कर शून्य, आयकर शून्य, एक लाख पूर्ण पोचतात. शेअर्सचं गणित वेगळं आहे. मृत्यूच्या दिवशीची किंमत हीच वारसाची खरेदी किंमत धरली जाते, त्यामुळे वीस वर्षांच्या नफ्यावरचा कर निघून जातो. वारसा कर तेवढा राहतो.

आयआरए मृत्युपत्रावरून वाटला जात नाही. कस्टोडियनकडच्या (खातं सांभाळणाऱ्या बँक किंवा ब्रोकरकडच्या) लाभार्थी फॉर्मवर जे नाव असेल तेच चालतं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. तेव्हा तो फॉर्म आजच मागवून बघा. जुन्या फॉर्मवर अजून काकूंचं नाव असण्याची शक्यता भरपूर. नवीन नाव घालताना रक्कम लिहू नका, टक्केवारी लिहा.

हयातीत द्यायचं तरी आयआरएच बरा. वय साडेसत्तर पूर्ण झालं की क्यूसीडी (क्वालिफाइड चॅरिटेबल डिस्ट्रिब्युशन) करता येतं: कस्टोडियनकडून थेट संस्थेच्या नावाने चेक. २०२५ साठी मर्यादा १,०८,००० डॉलर होती, दरवर्षी थोडी वाढते. ती रक्कम उत्पन्नात धरलीच जात नाही, त्यामुळे स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक सरसकट वजावट) घेणाऱ्यालाही पूर्ण फायदा, आणि आरएमडीतही (दरवर्षी सक्तीने काढायच्या किमान रकमेतही) मोजली जाते. मात्र वर्षात आधी काढलेले पैसे आरएमडीत जमा होतात आणि नंतर क्यूसीडी करून ते मागे घेता येत नाहीत. म्हणून जानेवारीत आधी क्यूसीडी करावं. ४०१(के)मधून (नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून) ते होत नाही, आधी आयआरएमध्ये रोलओव्हर, म्हणजे पैसे वळवणं, लागतं. चेकबुक असलेल्या आयआरएचा चेक ३१ डिसेंबरच्या आत वटला पाहिजे, नुसता पोस्टात टाकून भागत नाही.

सही_शिक्का
वर सगळं बरोबर आहे. पण घोटाळा सर्वात जास्त होतो तो नावात.

‘माझ्या लॉजला’ असं लिहू नका. मेसॉनिक लॉज सहसा अमेरिकन करकायद्याच्या कलम ५०१(सी)(१०) खाली असतात, मूस, एल्क्स वगैरे दुसऱ्या बंधुत्व संघटना ५०१(सी)(८) खाली. त्या करमुक्त संस्था आहेत, पण क्यूसीडी घ्यायला पात्र नाहीत, आणि त्यांना दिलेल्या पैशावर वजावट मिळते ती फक्त धर्मादाय कामासाठी दिले असतील तेव्हाच. हवी आहे ती ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय, संस्था. रिटायरमेंट होमच्या देणगी विभागाकडून कायदेशीर नाव, ईआयएन (संस्थेचा कर ओळख क्रमांक) आणि मृत्युपत्रात घालायचा मजकूर लेखी मागवा, मग आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) करमुक्त संस्थांच्या शोधयादीत ताडून बघा. काही ठिकाणी देणग्या घेणारं फाउंडेशन वेगळं असतं. ते ‘सपोर्टिंग ऑर्गनायझेशन’ (दुसऱ्या धर्मादाय संस्थेला आधार देणारी संस्था) या वर्गात असेल तर तिथेही क्यूसीडी चालत नाही. हे फोनवर न विचारता ईमेलने विचारा.

मजकुरात चार गोष्टी हव्यातच: नाव, शहर, ईआयएन, टक्केवारी. पाचवी लोक विसरतात, ती म्हणजे संस्थाच बंद पडली, विलीन झाली किंवा विकली गेली तर पुढे काय. व्हर्जिनियात बेडफर्डचं एल्क्स नॅशनल होम शंभरावर वर्षं संघटनेने चालवलं आणि मग विकलं. ‘किंवा तिची उत्तराधिकारी संस्था, ती नसल्यास वृद्धांच्या सेवेचं तेच काम करणारी दुसरी ५०१(सी)(३) संस्था’ एवढी ओळ नसेल तर प्रकरण कोर्टात जातं.

हेतूही फार बारीक बांधू नका. ‘अमुक इमारतीच्या बागेसाठी’ लिहिलं आणि वीस वर्षांनी ती इमारतच पाडली, तर पैसा अडकून पडतो. ‘ज्यांना खर्च झेपत नाही अशा रहिवाशांच्या सेवेसाठी’ हे पुरेसं नेमकं आहे, आणि माझ्या मते देणगीचा सर्वात चांगला उपयोगही तोच.

नर्मदाकाठ
काका स्वतः तिथे राहायला जाणार असतील तर जरा थांबा. प्रवेश शुल्क म्हणजे देणगी नव्हे. देणगीच्या बदल्यात खोली किंवा प्रतीक्षायादीत पुढचा नंबर मिळणार असेल तर ती वजावटीस पात्र राहत नाही. दोन्हींचे चेक, पत्रं, तारखा पूर्ण वेगळ्या ठेवा.

दुसरी गोष्ट मेडिकेडची, म्हणजे ऐपत नसलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेची. नर्सिंग होमच्या खर्चासाठी कधी अर्ज करावा लागला तर मागच्या ६० महिन्यांत फुकट दिलेलं सगळं तपासतात, आणि धर्मादाय देणगीही त्यात येते. हेतू मेडिकेड मिळवण्याचा नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर. म्हणून परत न मिळणारी मोठी देणगी हयातीत नको. प्रवेश शुल्क आणि काही वर्षांची शुश्रूषा यांचा पैसा आधी बाजूला काढा. घराचंही तेच. आत्ता संस्थेच्या नावावर करून हयातभर तिथे राहायची सोय कायद्यात आहे, वजावटही लगेच मिळते, पण प्रवेश शुल्क भरायला तेच घर विकावं लागणार असेल तर हात बांधले जातात. मृत्युपत्र आणि लाभार्थी फॉर्म कधीही बदलता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

नियमित उत्पन्नाची गरज असेल तर चॅरिटेबल गिफ्ट अॅन्युइटी बघा: रक्कम संस्थेला द्यायची, संस्था तहहयात ठरलेला हप्ता देते. अनेक संस्था अमेरिकन कौन्सिल ऑन गिफ्ट अॅन्युइटीजचा तक्ता वापरतात. जानेवारी २०२४ पासूनच्या तक्त्यात ७५ वर्षांच्या एका व्यक्तीला ७ टक्के, म्हणजे ५०,००० डॉलरवर वर्षाला ३,५०० तहहयात. दिलेली रक्कम परत मिळत नाही, आणि हप्त्याची हमी त्या संस्थेच्या मालमत्तेवर असते, सरकारची नव्हे. संस्थेचे ऑडिट झालेले हिशेब मागवून वाचा. ही अॅन्युइटी आयआरएमधून आयुष्यात एकाच वर्षी घेता येते (२०२५ साठी कमाल ५४,०००), पण तशी घेतली तर प्रत्येक हप्ता पूर्ण करपात्र.

कंदील
आयआरएचा फॉर्म मागवतोय. पुण्याचा फ्लॅट मृत्युपत्रातून थेट संस्थेला देता येईल का?

कोथरूड_हॅरिसबर्ग
तसं करू नका. परदेशी संस्थेच्या नावे भारतातली स्थावर मालमत्ता करायला फेमा (भारताचा परकीय चलन कायदा) आडवा येतो, आणि पुण्यातली सोसायटी, कर, भाडेकरू हे सगळं एलिझाबेथटाऊनच्या ऑफिसने बघायचं कसं? फ्लॅट पुतण्यांना ठेवा आणि त्या बदल्यात आयआरएमधली संस्थेची टक्केवारी वाढवा. हयातीतच विकायचा असेल तर पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात) येतात. तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचं प्रमाणपत्र लागतं. विक्रीचा नफा अमेरिकेच्या रिटर्नमध्येही दाखवायचा, भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं.

फ्लॅटसाठी भारतात वेगळं मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्यावी. आणि अमेरिकन वकिलाच्या छापील मसुद्यात पहिल्याच परिच्छेदात ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं असतं. त्या एका वाक्याने पुण्याचं मृत्युपत्रही उडतं. ‘भारतातील मालमत्तेचे मृत्युपत्र वगळून’ हे शब्द दोन्हीकडच्या वकिलांना दाखवून घालून घ्या.

हिशेबनीस
एक राहिलं. क्यूसीडी केलं तरी २५० डॉलर किंवा त्यावरच्या देणगीसाठी ‘बदल्यात काहीही दिलेलं नाही’ असं लिहिलेली संस्थेची पावती रिटर्न भरण्याआधी हातात हवी. चेकवर काकांचं नाव नसेल तर संस्थेला कळतच नाही पैसे कोणाचे, म्हणून पाठवतानाच त्यांना रक्कम आणि कस्टोडियनचं नाव कळवा. कस्टोडियनचा १०९९-आर (वर्षात काढलेल्या रकमेचा फॉर्म) बहुतेक वेळा सगळी रक्कम करपात्र असल्यासारखाच येतो. १०४० वर (आयकर रिटर्नच्या फॉर्मवर) ४ए या ओळीत पूर्ण आकडा, ४बी मध्ये क्यूसीडी वजा करून उरलेला, आणि शेजारी क्यूसीडीची खूण. कर सल्लागाराला हे आपण होऊन सांगा, नाहीतर तो पूर्ण रकमेवर कर लावून मोकळा होतो.