मदत हवी आहे: जिल्ह्यांच्या नकाशाचं लाकडी कोडं, कोणतं ब्लेड आणि कोणतं लाकूड?

भुसाकण
महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचं कोडं कापतोय, स्क्रोल सॉवर (उभं बारीक ब्लेड वर-खाली चालणारी करवत-मशीन). एका शाळेला ४० संच द्यायचे आहेत. कोकणपट्टी कापताना लाकूड काळं पडतं, खाडीच्या वळणात ब्लेड तुटतं, मागच्या बाजूने कुसळं निघतात. आणि नाशिक आधी बसवलं की अहिल्यानगर बसतच नाही, उलट क्रमाने ठेवलं की दोन्ही बसतात. कोणतं ब्लेड घेऊ? लाकूड बदलून सागवान घेऊ का? कृपया नेमकं सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत.

रंधा
मशीन कोणतं? ब्लेड पिनवालं (टोकांना अडकवायच्या आडव्या पिना असलेलं) की बिनपिनीचं? लाकडाची जाडी किती? वेग कमी-जास्त होतो का? एवढं कळल्याशिवाय ब्लेडचा नंबर सांगणं म्हणजे वजन न विचारता औषध देणं.

वखारवाला
सागवान अजिबात नको. त्यात सिलिका असते, बारीक ब्लेडची धार बघता बघता जाते. शिवाय सागाची पातळ फळी रेषेवर तुटते. सिंधुदुर्गासारखा लांबट तुकडा रेषेला आडवा आला की मुलाच्या हातात दोन सिंधुदुर्ग. स्टीम बीच घ्या. घट्ट लाकूड, बारीक रेषा, कडा गुळगुळीत निघते.

तिरकी रेघ
बीचही फळीच आहे हो वखारवाले. ६ मिमीची चारशे मिमी रुंद बीचची फळी पावसाळ्यात पन्हाळीसारखी वळेल. नकाशाला प्लायच हवा, उभे-आडवे थर असल्याने लांबट तुकडे टिकतात. बीच उभ्या राहणाऱ्या प्राण्यांच्या कोड्याला ठीक, १८-२० मिमी जाडीत.

भुसाकण
१६ इंची मशीन, सोबत आलेली पिनवाली ब्लेडं. लाकूड साधा कमर्शियल प्लाय, १२ मिमी. वेग बदलतो, मी पूर्ण ठेवतो. आता सांगा.

रंधा
इथेच निम्मं उत्तर आलं. पिनवालं ब्लेड दोन-अडीच मिमी रुंद असतं. कोकण किनाऱ्याची वळणं त्याहून लहान. ब्लेडची पाठ कापाच्या भिंतीला घासते, म्हणून जळतं, आणि तुम्ही पिळून वळवता म्हणून तुटतं. बिनपिनीचं नंबर ५ रुंदीला जेमतेम १ मिमी असतं, नंबर १ त्याहूनही बारीक.

तुमच्या मॉडेलला बिनपिनीच्या ब्लेडचे क्लॅम्प मिळतात का बघा, बऱ्याच मशीनना वेगळे मिळतात. ब्लेडची लांबी तीच, ५ इंच. दुसरा फायदा असा की राज्याची बाहेरची सीमा कापताना चौकट अखंड ठेवायची तर आत भोक पाडून ब्लेड ओवावं लागतं. पिनेला पाच-सहा मिमीचं भोक लागतं, बिनपिनीला १ मिमीचं पुरतं.

नंबर असे: ६ मिमी बर्च प्लायला १ किंवा ३, १२ मिमीला ५, २० मिमी बीचला ७. स्किप टूथ घ्या, म्हणजे एक दात सोडून दात. भुसा बाहेर पडतो, ब्लेड कमी तापतं. मागच्या कुसळांसाठी त्यातलंच रिव्हर्स टूथ मागवा. त्याचे खालचे काही दात वर तोंड केलेले असतात. ब्लेड पूर्ण वर आलेलं असताना उलटे दोन-तीन दात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर ते लाकडापर्यंत पोचतच नाहीत आणि जास्तीचे पैसे वाया. मग ब्लेड क्लॅम्पमध्ये थोडं वर सरकवा.

एकसुती
स्पायरल ब्लेड घ्या. चारी बाजूंनी दात, तुकडा फिरवायचीच गरज नाही. सगळे प्रश्न मिटतील.

तिरकी रेघ
आणि नवे सुरू होतील. स्पायरलचा काप रुंद आणि खरबरीत, सरळ रेघ तर त्याने धरवतच नाही. दोन जिल्ह्यांमध्ये फट दिसेल. जाळीकामात, चेहऱ्याच्या चित्रात ठीक. कोड्यात नाही.

एकसुती
हात बसला की फट दिसत नाही.

तिरकी रेघ
हात बसो की उठो, काप तेवढाच रुंद.

मीनल एस.
नाशिक-अहिल्यानगरकडे कोणी बघितलंच नाही! ब्लेड बदलून ते जाणार नाही. टेबल ब्लेडला काटकोनात नाही, त्यामुळे काप तिरका जातो. नाशिकची कड वरून बाहेर झुकलेली आणि अहिल्यानगरची खालून, म्हणून एका क्रमानेच बसतात. मशीनवरच्या कोनाच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. छोटा गुण्या (काटकोन तपासायचं साधन) ब्लेडला लावून बघा, पण खरी परीक्षा अशी: ४० मिमी जाड ठोकळ्यात २-३ मिमी खोल काप घ्या. मशीन बंद करा, ठोकळा अर्धा फिरवून ब्लेडच्या मागे न्या आणि तोच काप ब्लेडच्या पाठीला लावा. ब्लेड वरपासून खालपर्यंत सरळ आत गेलं तर टेबल बरोबर. अडलं तर टेबल किंचित झुकवा, पुन्हा काप घ्या.

तुकडा दोन्ही बाजूंनी अडकत असेल तर कारण वेगळं. तेव्हा ब्लेड मध्यभागी फुगतं, म्हणजे ताण कमी किंवा बाजूने रेटणं जास्त. ब्लेड मधोमध बोटाने बाजूला दाबा. ३ मिमीहून जास्त हललं तर ताण वाढवा. छेडल्यावर टणक आवाज यायला हवा.

सातारी कंदी
एवढी मगजमारी कशाला राव, लेझरवाल्याला फाइल द्या. ४० संच एका दिवसात.

भुसाकण
लेझर विचारलेलं नाही. कडा काळ्या होतात, मुलांचे हात आणि वह्या बरबटतात. शाळेने हाताने कापलेलंच मागितलंय.

नकाशेबाज
लाकडाआधी नकाशा तपासा. पालघर आहे ना? १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हापासून ३६ जिल्हे. जुने नकाशे ३५ चेच आहेत. नावं छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी हवीत, नाहीतर शाळा परत पाठवेल. दुसरं, नकाशा चारशे मिमी रुंद असेल तर साधारण १ मिमीला २ किलोमीटर पडतात. मुंबई शहर जिल्हा मग सात-आठ मिमी लांब आणि दोन मिमी रुंद. तो कापणार कसा?

मीनल एस.
हे मात्र खरं. शहर आणि उपनगर एकत्र केलं तरी २० मिमी बाय ५-६ मिमी. खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक आहे, आयएस ९८७३. त्यात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात मावणारा तुकडा चालत नाही. शाळेतला वर्ग कोणता?

भुसाकण
चौथी.

नकाशेबाज
चौथीला चालेल, पण हरवेल. मुंबईचे दोन्ही जिल्हे ठाण्याच्या तुकड्यावर रंगाने दाखवा.

सातारी कंदी
मुंबई ठाण्याला जोडताय? मुंबईकर इकडे फिरकायच्या आत धागा बंद करा.

वखारवाला
प्लायच घ्यायचा तर कमर्शियल नको. आतल्या थरांत पोकळ्या असतात. ब्लेड पोकळीतून पुढच्या थरावर आदळतं, तिथेच तुटतं, आणि कडेला भोक दिसतं ते वेगळंच. ६ मिमी म्हणजे दोन सूत बर्च प्लाय मागा, कडेला पाच थर सलग मोजता आले पाहिजेत. ताव साधारण १५२५ बाय १५२५ मिमी येतो, चारशेच्या मापात नऊ चौकोन निघतात. पुण्यात असाल तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट फिरा, पण कड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कडेला रंग किंवा पुट्टी मारलेली असेल तर सोडून द्या. तळाला ३ मिमी एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) पुरे.

रंधा
आणखी दोन गोष्टी. नकाशाचा कागद चिकटवल्यावर त्यावर पारदर्शक पॅकिंग टेप लावा, जळणं बरंच कमी होतं. टोकदार वळणावर वेग पूर्ण नको, मिनिटाला ७००-९०० फेऱ्यांवर आणा आणि पुढे रेटणं थांबवून तुकडा ब्लेडभोवती फिरवा. बारीक ब्लेड किंचित उजवीकडे ओढतं, कारण बनवताना एका बाजूला बारीक कंगोरा राहतो. त्यामुळे सरळ रेघेवरही लाकूड थोडं तिरकं धरूनच पुढे सरकवावं लागतं. ब्लेड सदोष आहे म्हणून बदलत बसू नका.

भुसाकण
क्लॅम्प मागवले. ठोकळ्याचा काप घेतला, ब्लेड खालच्या टोकाला अडतंय, म्हणजे टेबलच. ४० संच आहेत तर ६ मिमीचे तीन ताव एकावर एक कापू का?

तिरकी रेघ
दुहेरी टेपने चिकटवून कापता येतील, पण मग जाडी १८ मिमी. नंबर १ त्यात फुगेल, ५ लागेल, आणि कोकण पुन्हा भोंगळ.

रंधा
दोन ताव, नंबर ३. विदर्भ तीन थरांत गेला तरी चालेल, तिथल्या सीमांना एवढी बारीक वळणं नाहीत.

नकाशेबाज
गडचिरोलीची पूर्व सीमा बघितली आहे का कधी?