चार मेजर जिंकणारा अ‍ॅस्ट्रालिस आतून कसा चालत होता, आणि मग विस्कटला कसा?

कोपऱ्यातला वाचक

माझा भाचा काउंटर-स्ट्राइक या संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळाचे सामने पाहतो आणि अ‍ॅस्ट्रालिस या डॅनिश संघासारखा संघ पुन्हा झाला नाही, असे वारंवार सांगतो. मी क्रिकेट पाहत मोठा झालो, त्यामुळे संघ म्हणजे कर्णधार, प्रशिक्षक आणि निवड समिती एवढेच मला कळते. पडद्यासमोर बसून खेळणाऱ्या पाच जणांना मानसशास्त्रज्ञ आणि क्रीडा संचालक कशासाठी लागतात? आणि २०१७ ते २०१९ या काळात चार मेजर, म्हणजे या खेळातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकूनही त्या संघाच्या कंपनीला त्या यशावर भक्कम उभे का राहता आले नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे. मला खेळाची माहिती आहे, असे गृहीत धरू नये.

खेळिया

आधी खेळ. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने बॉम्ब ठेवायचा, दुसरीने तो रोखायचा, आणि प्रत्येक फेरीआधी हाती असलेल्या खेळातल्या पैशांतून बंदुका व ग्रेनेड विकत घ्यायचे. बहुतेक संघ नेमबाजीच्या जोरावर जिंकतात. अ‍ॅस्ट्रालिसने धूर, डोळे दिपवणारा प्रकाश आणि आग यांचे ग्रेनेड कोणी, कोठून आणि कोणत्या क्षणी फेकायचे हे इतके घोटून घेतले की, प्रतिस्पर्धी समोरासमोर येईपर्यंत निम्मा घायाळ झालेला असे. सामना ज्या ठरावीक आभासी ठिकाणी खेळला जातो त्याला नकाशा म्हणतात, आणि एका सामन्यात असे अनेक नकाशे खेळले जाऊ शकतात. न्यूक नावाच्या नकाशावर प्रत्यक्ष मंचावरच्या सामन्यांत त्यांनी सलग ३१ वेळा विजय मिळवला, तो याच शिस्तीमुळे.

ही शिस्त पहिल्या दिवसापासून नव्हती. टीम सोलोमिड हा संघ सोडून आलेल्या डॅनिश खेळाडूंनी जानेवारी २०१६ मध्ये गुंतवणूकदारांच्या साथीने हा संघ उभारला आणि खेळाडू स्वतःही त्यात भागीदार होते, ही गोष्ट त्या काळी अगदी वेगळी होती. मात्र मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत यायचे आणि तिथे कच खायची, अशी त्यांची ख्याती झाली होती. त्यावर दोन उपाय झाले. मिया स्टेलबर्ग या फिनिश क्रीडा मानसशास्त्रज्ञ संघासोबत काम करू लागल्या, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मैदानावरचे नेतृत्व लुकास रोसांडर, म्हणजेच ग्लेव्ह, याच्याकडे आले. दडपणाखाली चुकीचा निर्णय झाला तर पुढच्या वीस सेकंदांत सहकाऱ्याशी कोणत्या स्वरात बोलायचे, सामन्याच्या आदल्या रात्री झोपायचे कधी, अशा वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी सरावाचा भाग होणे हेच अशा कामाचे स्वरूप असते. जानेवारी २०१७ मध्ये अटलांटा येथील मेजरच्या अंतिम सामन्यात व्हर्टस.प्रोविरुद्धचा तिसरा नकाशा त्यांनी १६–१४ फेऱ्यांनी जिंकला. वर्षभरापूर्वीचा अ‍ॅस्ट्रालिस तो हमखास हरला असता, असे माझे मत आहे.

पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये मॅजिस्क हा खेळाडू संघात आला आणि प्रशिक्षक डॅनी सोरेन्सन, म्हणजेच झोनिक, याच्या हाताखाली लंडन, कातोवीत्से आणि बर्लिन ही सलग तीन मेजर त्यांनी जिंकली. क्रीडा संचालकपदी कॅस्पर ह्विड्ट हा डेन्मार्कचा नावाजलेला माजी हँडबॉल गोलरक्षक होता. डेन्मार्कमध्ये हँडबॉलला जे स्थान आहे ते पाहता ही निवड शोभेची नव्हती.

हिशेबी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हिशेबात आहे. अशा संस्थेचे उत्पन्न मुख्यतः प्रायोजकांकडून येते. बक्षिसाच्या रकमेचा मोठा हिस्सा सहसा खेळाडूंकडेच जातो, आणि मेजरच्या वेळी खेळात विकल्या जाणाऱ्या, बंदुकांवर चिकटवायच्या स्टिकरच्या उत्पन्नातला निम्मा भाग काउंटर-स्ट्राइकची मालक असलेली व्हॉल्व्ह ही कंपनी खेळाडू व संघांना देत आली असली, तरी स्टिकर कधी आणि किती विकायचे हे व्हॉल्व्हच ठरवते. क्रिकेट कोणाच्या मालकीचे नाही, पण काउंटर-स्ट्राइक आहे. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या धंद्याचा अर्थ लागत नाही.

शिवाय अ‍ॅस्ट्रालिसची मालकी काही काळ आरएफआरएसएच या कंपनीकडे होती आणि तीच कंपनी ब्लास्ट ही स्पर्धामालिका भरवत असे. ज्याची स्पर्धा त्याचाच संघ, हे प्रेक्षकांना खटकणारच. २०१९ च्या सुरुवातीला संघाने प्रवास कमी करण्यासाठी काही स्पर्धा टाळल्या, पण ब्लास्टला मात्र हजेरी लावली, तेव्हा टीका वाढली. त्याच वर्षी दोन्ही व्यवसाय वेगळे झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये अ‍ॅस्ट्रालिसने कोपनहेगनच्या नॅस्डॅक फर्स्ट नॉर्थ बाजारात ८.९५ क्रोनर दराने समभाग विकून सुमारे १५ कोटी क्रोनर उभारले. लागोपाठ तीन मेजर जिंकल्यानंतरचा मुहूर्त अचूक होता. पुढील वर्षांत समभागाचा भाव विक्रीच्या दराच्या बराच खाली गेला.

उतारवाट

खेळिया यांनी मानसिक तयारीचे जे चित्र रंगवले आहे, त्याला दुसरी बाजूही आहे. याच संघातले ग्लेव्ह आणि झिपनाइन्क्स हे दोन खेळाडू मे २०२० मध्ये ताण आणि थकव्यामुळे रजेवर गेले. वर्षानुवर्षे प्रवास, सराव आणि पुन्हा प्रवास असा क्रम चालू राहिला की मानसशास्त्रज्ञ असला तरी शरीर हिशेब मागतेच. त्याच वर्षी संघाने पाचाहून अधिक खेळाडू बाळगण्याचा प्रयोग केला. विचार योग्य होता, पण एकमेकांच्या श्वासावर खेळणाऱ्या पाच जणांत सहावा बसवणे सोपे नसते.

कोपऱ्यातला वाचक

सर्वांचे आभार. मग संघ नेमका विस्कटला तो थकव्यामुळे की पैशांमुळे? आणि घोटून तयार केलेली ती पद्धत तरी कंपनीकडे उरली असेल ना?

खेळिया

उतारवाट यांचा आक्षेप मान्य आहे. विस्कटण्याचे एकच कारण सांगता येणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये डिव्हाइस हा त्यांचा सर्वोत्तम खेळाडू निन्जाज इन पजामाज या दुसऱ्या संघाकडे गेला; त्या वर्षाच्या अखेरीस करार संपताच खेळाडू डुप्री व मॅजिस्क आणि प्रशिक्षक झोनिक हे तिघेही फ्रान्सच्या व्हिटॅलिटी संघात दाखल झाले. पद्धत कागदावर राहते हा समज मला भाबडा वाटतो. ती या माणसांच्या डोक्यात होती. मे २०२३ मध्ये पॅरिसच्या मेजरमध्ये व्हिटॅलिटी विजेती ठरली आणि डुप्री पाच मेजर जिंकणारा पहिला खेळाडू झाला. पहिली चार अर्थातच अ‍ॅस्ट्रालिसची होती.

हिशेबी

कंपनीकडे विकण्याजोगे काय उरले, ते त्याच वर्षाच्या अखेरीस दिसले. लीग ऑफ लेजंड्स या दुसऱ्या संगणकखेळाच्या युरोपीय लीगमधली आपली जागा अ‍ॅस्ट्रालिसने कारमिन कॉर्प या फ्रेंच संघाला विकली. तिथे संघांची संख्या ठरलेली असल्यामुळे जागेला किंमत येते, आणि करार संपला म्हणून जागा उठून दुसरीकडे जात नाही.