पतसंस्थेच्या ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन नाही, काय मागावं?

निपाणीचा सभासद: पुढच्या आठवड्यात आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा आहे. छापील अहवालात सीएंचं नाव आणि शिक्का आहे, यूडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) नाही. ‘छपाईत राहिला’ म्हणतात. सभेत नेमकं काय मागू?

लेखापाल: सभेची वाट बघू नका. सहीच्या मूळ रिपोर्टची प्रत आजच लेखी मागा, अर्जावर पोच घ्या. १ जुलै २०१९ पासून सीएने सही केलेल्या प्रत्येक ऑडिट रिपोर्टला यूडीआयएन लागतो. तो १८ अक्षरांचा: पहिली दोन वर्षाची, पुढची सहा सीएंच्या सभासद क्रमांकाची, उरलेली दहा पोर्टलने दिलेली. सहीनंतर ६० दिवसांत काढता येतो, त्यामुळे सही ताजी असेल तर आधी तारीख बघा.
नंबर मिळाला की आयसीएआयच्या (सीएंच्या राष्ट्रीय संस्थेच्या) यूडीआयएन पोर्टलवर तपासा, लॉगिन लागत नाही. नुसता ‘नंबर खरा आहे’ एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याच कागदाचा नंबरही छापता येतो. कागदाचा प्रकार, तारीख आणि तिथे दिसणारे आकडे तुमच्या ताळेबंदाशी जुळले पाहिजेत.

चिकोडीकर: त्याआधी संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदली आहे ते बघा. आपल्या सीमाभागात इथेच घोळ होतो. कर्नाटकाचा १९५९ चा सहकार कायदा वेगळा, १९९७ चा सौहार्द (स्वायत्त सहकारी संस्थांचा) कायदा वेगळा. महाराष्ट्रात कागल, गडहिंग्लजकडेही सभासद असतील तर संस्था बहुधा २००२ च्या बहुराज्य कायद्यात असेल. तिथे ऑडिटर सीएच लागतो आणि संस्था दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत येते; २०२३ च्या दुरुस्तीनंतर सभासदाची ठेवीबद्दलची तक्रार केंद्राच्या सहकारी लोकपालांकडे जाते. बेळगावच्या सहकार खात्यात अर्ज टाकून महिने वाया घालवू नका.

लेखापाल: बरोबर. आणि सीएंविरुद्धची तक्रार वेगळी: १९४९ च्या सीए कायद्याच्या कलम २१ खाली, आयसीएआयच्या शिस्त संचालनालयाकडे, फॉर्म १ मध्ये. ‘ऑडिटरने फसवलं’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या पानावरचा कुठला आकडा चूक, थकीत कर्जाची तरतूद किती कमी धरली, ते कुठल्या कागदावरून दिसतं, हे मांडा. घोर निष्काळजीपणा त्याच कायद्याच्या दुसऱ्या, गंभीर गैरवर्तनाच्या परिशिष्टात येतो. नाव रजिस्टरमधून काढण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. ठेव मात्र आयसीएआय परत मिळवून देत नाही, त्यासाठी संस्थेच्या कायद्याप्रमाणे निबंधकांकडे किंवा लोकपालांकडे जावं लागतं.

निपाणीचा सभासद: आणि सभेत ऑडिटर बदलायचा ठराव आला तर?

चिकोडीकर: नव्या सीएने काम स्वीकारण्याआधी जुन्याला लेखी कळवणं बंधनकारक आहे, नाहीतर तोही गैरवर्तनात धरला जातो. त्या पत्राची प्रत आणि पोच दप्तरी लावायची अट ठरावातच घाला.