पास्त्याचे पाणी शेवटपर्यंत खळाखळा उकळत ठेवावे का?

टिळकवाडीकर (धागाकर्ता):
मुलांच्या हट्टामुळे आता बेळगावातही घरोघरी पास्ता होतो, आणि तो शिजेपर्यंत गॅस मोठा ठेवण्याची पद्धत आपण मुकाट्याने पाळतो. माझ्या मते ही निव्वळ नासाडी आहे. पाण्याला उकळी फुटली की आच कितीही वाढवली तरी त्याचे तापमान वाढत नाही. जादा उष्णता फक्त वाफ होण्यात जाते. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. पिठातला स्टार्च तर 60 ते 70 अंशांच्या आसपासच पाणी शोषून फुगू लागतो. पदार्थविज्ञानाचे 2021 चे नोबेल मिळवणारे इटलीचे जॉर्जो पारिसी यांनीही 2022 मध्ये झाकण ठेवून, आच कमी करून किंवा बंद करून पास्ता शिजवण्याचा पुरस्कार केला होता.

निपाणीकर:
सर, तापमानाचा मुद्दा मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. पहिल्या दोन-तीन मिनिटांत पास्त्याचा पृष्ठभाग चिकट होतो आणि उसळत्या पाण्यामुळेच तुकडे एकमेकांपासून सुटे राहतात. मी जर्मलच्या पातळ पातेल्यात गॅस बंद करून पाहिला. दहा मिनिटांनी तळाशी गोळा झाला होता, आणि एक तुकडा मोडला तर आत पांढरा कच्चा ठिपका तसाच होता. त्यातून बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, म्हणजे तिथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. सुरुवातच खालून होते, मग पातेले निवत जाते, त्याचे काय? माझ्या सासूबाई खपली गव्हाच्या शेवया नेहमी उकळत्या पाण्यातच सोडतात आणि आच कमी करत नाहीत; त्यामागे अनेक वर्षांचा अनुभव आहे.

खानापूरकर:
उंचीमुळे गेलेले अंश मीठ घालून भरून निघतात, असे अनेकांना वाटते, म्हणून सांगतो. लिटरला 10 ग्रॅम मीठ घातले तरी उत्कलनबिंदू 0.2 अंशानेही वाढत नाही. मीठ चवीसाठीच घालावे.

टिळकवाडीकर:
ताई, पहिल्या मिनिटांचे आपले म्हणणे मी स्वीकारतो. मात्र ते काम डावही करतो. उलट मोठ्या आचेने पाणी उतू जाते, कारण पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळे बुडबुड्यांचे पापुद्रे लवकर फुटत नाहीत आणि फेस कडेपर्यंत चढतो. काल मी जाड बुडाच्या पातेल्यात पास्ता सोडला, तीन मिनिटे ढवळला, मग झाकण किंचित कलते ठेवून आच इतकी बारीक केली की एका कडेलाच बुडबुडे येत होते. पाकिटावर नऊ मिनिटे लिहिली होती, मला अकरा लागली. एकही तुकडा चिकटला नाही, शेगडीही कोरडी राहिली.

निपाणीकर:
जाड बुडाचे पातेले होते म्हणून हे साधले. सकाळी डबे भरताना तीन मिनिटे डाव घेऊन उभे राहायला मला सवड नसते आणि माझे पातेलेही पातळ आहे. त्यामुळे पास्ता सुटा होईपर्यंत मी आच मोठीच ठेवणार. त्यानंतर मात्र ती बारीक करून पाहीन.