स्लरी खोल शिरते, केक धरत नाही: बेंटोनाइट वाढवावं की वाळू घालावी?

प्रश्न: स्लरी टीबीएम (बेंटोनाइट मातीच्या पातळ चिखलाच्या, म्हणजे स्लरीच्या दाबाने पुढची जमीन धरून बोगदा खणणारं यंत्र) पुढे जाड वाळू-खडी आली की स्लरी जमिनीत आत पळते, तोंडावर केक (स्लरीतल्या कणांचा पाणी अडवणारा थर) धरत नाही. उपाय काय?

उत्तर १: आधी जमिनीचा डी१० (वजनाने १० टक्के कण ज्याहून बारीक असतात तो आकार) काढा. स्लरी आत शिरताना तिचा दाब किती झपाट्याने उतरतो हे ढोबळमानाने २ × यील्ड स्ट्रेस (स्लरी वाहू लागायला लागणारा किमान ताण) ÷ डी१०. यील्ड स्ट्रेस १५ पास्कल आणि डी१० ०.२ मिमी असेल तर मीटरला १५० किलोपास्कल. म्हणजे भूजलापेक्षा ५० किलोपास्कल जादा दाबाला स्लरी ३३ सेंमीवर थांबते. डी१० वाढून २ मिमी झाला की तीच ३.३ मीटर जाते!

उत्तर २: नुसतं बेंटोनाइट वाढवू नका, पंप आणि सेपरेशन प्लांट (परत आलेल्या स्लरीतून माती वेगळी करणारा) दोन्ही कुरकुरतात. छिद्रांच्या तोंडाशी अडकतील असे कण हवेत: जमिनीचा डी१५ (१५ टक्के कण ज्याहून बारीक) हा स्लरीतल्या कणांच्या डी८५च्या (८५ टक्के कण ज्याहून बारीक) ४-५ पटींच्या आत ठेवा. त्याहून बारीक कण आत वाहत जाऊन खोलवर साचतात, केक होत नाही. एक लक्षात असू द्या, घातलेली वाळू हायड्रोसायक्लोन (प्लांटमधलं स्लरी गरगर फिरवून जाड कण वेगळे करणारं यंत्र) लगेच काढून टाकतो; त्याची कट साइज (ज्याहून जाड कण तो काढतो तो आकार) तपासा, भर घालत राहा.

प्रश्नकर्ता: चाचणी कशी घ्यावी?

उत्तर २: पारदर्शक नळीत जागेवरचीच वाळू भरून पाण्याने संपृक्त करा, वर स्लरी ओता, ५० किलोपास्कल दाब द्या. खालचं पाणी मिनिटागणिक मोजा. आधी भसाभस येऊन मग थेंबावर आलं तर केक धरला.