कानात कापूस घालून भागत नाही
राऊटर (लाकडात खाचा पाडायचं, कडा घडवायचं विजेचं यंत्र) पाचच मिनिटं चालवायचा तर कानात कापसाचे बोळे पुरेत असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कापसाने आवाज फार थोडा अडतो, उगाच सुरक्षित वाटत राहतं. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेचा हिशोब असा, की ८५ डेसिबल (आवाज मोजायचं एकक) आवाजात दिवसाचे ८ तास राहिलेलं कानाला चालतं, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि राऊटर, सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेवरची करवत) सहज तिथवर जातात!

फोमचे इअरप्लग स्वस्त मिळतात, पण नुसते टेकवून उपयोग नाही, बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचं. शेजारी उभ्या मुलांनाही घाला प्लीज, ऐकायची शक्ती एकदा गेली की परत येत नाही हो.